स्विमिंग पूल कंटेनरचा की आरसीसीचा?

फार्महाऊसवर पोहायला तलाव हवा म्हटलं की हल्ली जुन्या कंटेनरचं नाव निघतंच. वीस फुटी कंटेनर आतून साधारण 5.9 मीटर लांब, 2.35 मीटर रुंद. सव्वा मीटर पाणी भरलं की सतरा टनांच्या वर वजन झालं.

गोम इथेच आहे. कंटेनर भार पेलतो तो चार कोपऱ्यांच्या खांबांवर. बाजूचा नालीदार पत्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा. छत कापून पाणी भरलं की तो बाहेर फुगायला लागतो. म्हणून वरच्या कडेला चौकोनी पाइपची चौकट हवी, आतून फायबरग्लासचा थर हवा. तळाचं प्लायवूड काढूनच टाका, त्याला बहुधा कीटकनाशक मारलेलं असतं. हे सगळं वर्कशॉपमध्ये उरकलं की क्रेनने उतरवायचं, पंप-फिल्टर जोडायचा, झालं. (क्रेन तुमच्या पाणंदीतून वळेल का, हे मात्र पैसे देण्याआधी बघा!)

आरसीसीला खोदाई, सळई, वॉटरप्रूफिंग, टाइल्स. काही महिने सहज जातात. पण आकार आणि खोली मनासारखी. काळ्या मातीत पाया कच्चा राहिला तर भेगा ठरलेल्या.

समुद्रकाठी मी आरसीसीच म्हणेन; खाऱ्या हवेत कंटेनरचे वेल्डिंगचे सांधे आधी गंजतात. जमीन भाड्याची असेल तर मात्र कंटेनर. जाताना पूल ट्रेलरवर घालून नेता येतो.