जुन्या गाडीचं गिअर ऑइल: नुसतं टॉप-अप, की सगळं काढून नवं?

१५ वर्षं झालेली गाडी पुनर्नोंदणी करून आणखी पाच वर्षं चालवायची ठरवली, की माणूस टायर बघतो, बॅटरी बघतो, इंजिन ऑइल तर दर सर्व्हिसिंगला बदलतोच. गिअरबॉक्स मात्र राहून जातो. बहुतेक गाड्यांत त्याला डिपस्टिक नसते, डॅशबोर्डवर दिवा नसतो. थंडीत सकाळी दुसरा गिअर टाकताना ‘खर्र’ झालं की मग त्याची आठवण होते. आमच्याकडे वडिलांनी घेतलेली २००३ ची मारुती ८०० आहे. पुढचं बरंचसं मी तिच्याच खाली झोपून शिकलो, म्हणून तिचंच उदाहरण घेतो.

पैसे काढण्याआधी एक गोष्ट तपासा: दोष खरंच गिअरबॉक्सचा आहे का? इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन सुरू करा, क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बंद इंजिनावर गिअर लोण्यासारखे पडतात आणि सुरू इंजिनावर रिव्हर्स कुरकुरतो, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. क्लच वायर ताणली गेली असेल किंवा प्लेट संपत आली असेल. अशा गाडीत कितीही भारी तेल ओतलं तरी फरक पडणार नाही.

आता मूळ प्रश्न. टॉप-अप की पूर्ण बदल, हे बोनेट उघडून ठरत नाही, लेव्हल प्लग उघडून ठरतं. गिअरबॉक्सच्या कुशीत एक प्लग असतो, तेल भरायचंही तिथूनच आणि पातळी बघायचीही तिथूनच. गाडी सपाट जागेवर हवी. फक्त पुढची बाजू जॅकवर उचलली तर तेल मागे सरकतं आणि पातळी चुकीची दिसते. चारही चाकं सारख्या उंचीवर, म्हणजे पिटवर किंवा चार घोड्यांवर (गाडीला आधार देणाऱ्या लोखंडी स्टँडवर), हे उत्तम. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. प्लग काढल्यावर तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं. करंगळी आत घालून खाली वाकवा. टोकाला लगेच तेल लागलं तर ठीक. पहिलं पेर आत गेलं तरी बोट कोरडंच, तर तेल बरंच कमी आहे.

बोटाला आलेलं तेल तसंच पुसून टाकू नका. अंगठ्यावर चोळा आणि उन्हात धरा. मधासारखा रंग असेल तर तेल अजून चांगलं आहे. काळपट, पण चोळल्यावर गुळगुळीत लागतंय, म्हणजे वय झालंय, बाकी काही नाही. सोन्याच्या वर्खासारखे बारीक कण चमकले तर ती सिंक्रो रिंगची, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्याची, पितळ आहे. चहात दूध पडल्यासारखं दिसलं तर पाणी शिरलंय.

टॉप-अप फक्त एकाच परिस्थितीत पुरेसं आहे, असं माझं मत आहे: आत कुठलं तेल आहे हे तुम्हाला नक्की माहीत आहे, ते गेल्या दोन-तीन वर्षांत बदललेलं आहे, रंग स्वच्छ आहे आणि पातळी थोडीशीच खाली आहे. तेव्हाही एक प्रश्न उरतो, तेल गेलं कुठे? इंजिन थोडं तेल जाळतं, गिअरबॉक्स जाळत नाही. पातळी उतरली म्हणजे गळती आहे. एक्सल जिथे बॉक्समध्ये शिरतो तिथला ऑइल सील, गिअर शाफ्टचा सील आणि ड्रेन प्लगचा वॉशर, या तीन जागा आधी बघा. सील न बदलता तेल ओतत राहिलं तर सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच याल, आणि मधल्या काळात बॉक्स कमी तेलावर चाललेला असेल. अनेक गिअरबॉक्समध्ये पाचवा गिअर अगदी टोकाला असतो, तेल कमी पडलं की पहिला मार त्याला बसतो.

इतिहास माहीत नसलेली, सेकंडहँड घेतलेली किंवा पाच-सात वर्षांत बॉक्सला कोणी हात न लावलेली गाडी असेल तर पूर्णच बदला. ‘जुनं तेल काढलं की बॉक्स बोलायला लागतो’ असं अनेक जण घाबरवतात. ही भीती मुख्यतः ऑटोमॅटिक बॉक्सच्या गोष्टींतून मॅन्युअलवर आली आहे. योग्य ग्रेडचं नवं तेल मॅन्युअल बॉक्स बिघडवत नाही. खर्च म्हणाल, तर मारुती ८०० सारख्या छोट्या गाडीला साधारण दोन-सव्वादोन लिटर लागतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे पुस्तिकेत बघा, पण मिनरल तेलाचा खर्च पेट्रोलच्या एका टाकीपेक्षा नक्कीच कमी येतो.

दुधट तेलाच्या बाबतीत टॉप-अपचा विचारही नको. मुंबई-ठाण्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. बॉक्सला श्वास घ्यायला ब्रीदर असतो. गरम बॉक्स एकदम पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. गाडी व्यवस्थित चालते, म्हणून कोणाला संशय येत नाही, आणि बेअरिंग आतून गंजत राहतात. असं तेल काढून स्वस्त पण योग्य ग्रेडचं भरा, थोडे दिवस चालवून तेही काढा, मग कायमचं भरा.

तेल निवडताना सगळ्यात मोठी चूक होते ती जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या दोन वर्गांमध्ये. आमची गाडी एका गॅरेजमध्ये ‘गिअर ऑइल नवं टाकलंय’ म्हणून परत मिळाली आणि तेव्हापासून खंबाटकी घाटात तिसऱ्यावरून दुसरा टाकताना खर्र व्हायला लागलं. चौकशी केली तर ड्रममधलं ‘नव्वद नंबर’ भरलेलं, जीएल-५. मेकॅनिकचा हेतू वाईट नव्हता. त्याच्याकडे टेम्पो आणि जीप येतात, त्यांच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या संचात, हायपॉइड गिअर असतात. ते दाते एकमेकांवर घासत सरकतात, तिथे जीएल-५ च हवं. पण आडव्या इंजिनाच्या, पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं आणि त्याचे दाते साधे तिरके, हायपॉइड नसतात. म्हणजे जीएल-५ ची ताकद इथे कामाचीच नाही.

उलट तोटा होतो. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी सल्फर-फॉस्फरसची ॲडिटिव्ह जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असतात. काही जीएल-५ तेलं पितळेला खातात. आजची बरीच खात नाहीत, पण दुसरी अडचण उरतेच. सिंक्रो रिंग घर्षणावर काम करते. गिअर पडण्याआधी पितळी रिंग गिअरच्या कोनाला क्षणभर पकडते आणि दोघांचा वेग सारखा करते. तेल फार निसरडं असेल तर ती पकड बसत नाही, वेग जुळायच्या आधीच दाते भिडतात, तोच ‘खर्र’. म्हणून मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च. ‘पाच म्हणजे चारपेक्षा वरचं’ हे दुकानदाराचं म्हणणं ऐकू नका. डब्याच्या मागचा बारीक मजकूर वाचा आणि सील तुमच्यासमोर तोडायला सांगा.

तेलाच्या जाडीची ग्रेड ७५डब्ल्यू-९० की ८०डब्ल्यू-९०, यावर मी इतका हट्ट धरणार नाही. दोन्ही गरम झाल्यावर सारख्याच वर्गात येतात. (९० हा आकडा बघून ते इंजिनच्या ४० नंबरपेक्षा दुप्पट जाड आहे असं समजू नका. मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. इंजिनचं ४० नंबर जाडीत जवळपास शेजारीच बसतं.) फरक थंडीतला. ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंशांना होते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला. महाराष्ट्रात या दोन्हीची गरज नाही. तरी निफाडला पारा एक आकडी होतो तेव्हा उघड्यावर उभ्या गाडीचा पहिला-दुसरा गिअर ७५डब्ल्यूवर हलका पडतो. पुण्या-मुंबईत, झाकलेल्या पार्किंगमधल्या जुन्या गाडीला मी ८०डब्ल्यू-९० मिनरल जीएल-४ भरेन, अर्थात मॅन्युअलच्या तक्त्यात ती ग्रेड असेल तर. ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक जास्त टिकतं, पण गळक्या सीलच्या गाडीत महागडं तेल जमिनीवर सांडण्यात अर्थ नाही. आधी सील बदला.

हे सगळं मारुतीच्या घराण्यापुरतं. जुन्या होंडा सिटीला कंपनीचं पातळ एमटीएफ (मॅन्युअल बॉक्सचं खास तेल) लागतं, आणि काही गाड्यांच्या मॅन्युअल बॉक्समध्येही एटीएफ (ऑटोमॅटिक बॉक्सचं तेल) असतं. तिथे सवयीने ‘नव्वद नंबर’ भरलं तर गिअर जड होणारच.

घरी करायचं की गॅरेजमध्ये? सपाट जागा, घोड्या आणि बरोबर मापाचा पाना असेल तर घरी जरूर करा. फक्त एक क्रम मोडू नका: आधी वरचा भरायचा प्लग सुटतोय याची खात्री, मगच खालचा ड्रेन प्लग. उलट केलंत आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर तेल जमिनीवर आणि गाडी जागेवर. १५-२० मिनिटं गाडी फिरवून तेल कोमट असताना काढा. भरायला बोनेटमधून नरसाळं आणि लांब नळी लावली की काम होतं. काठावरून ओघळ यायला लागला की थांबा, जास्त भरलं तर फेस होतो आणि सीलवर दाब येतो. काढलेलं तेल गटारात ओतू नका, डब्यात भरून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आणि हे सामान नसेल तर पिट असलेल्या गॅरेजमध्ये आपला डबा घेऊन जा, समोर उभे राहा.

ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी लगदा बोटाने पुसून बघा. शाईसारखा मऊ लागला तर ती नेहमीची झीज. टोचणारे तुकडे, दात तुटल्यासारखे कपचे मिळाले, तर प्रश्न तेलाचा राहिलाच नाही. तिथे दोनच वाटा: बॉक्स खोलून बेअरिंग आणि सिंक्रो बदलायचे, किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या पार्टच्या बाजारातून दुसरा बॉक्स आणायचा. मी आधी खोलायचा अंदाज घेतो. जुना बॉक्स घ्यायचाच झाला तर शाफ्ट हाताने फिरवून बघा, वर-खाली हलवून बघा, आणि त्यात तेल असेल तर त्याचाही एक थेंब अंगठ्यावर चोळून उन्हात धरा.