१९:१९:१९ विद्राव्य खत आणि घरातली सहा ऑर्किड : दहा महिन्यांच्या वापरानंतर

द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागांना ठिबकमधून दिले जाणारे १९:१९:१९ हे विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारे, खत (आकडे अनुक्रमे नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश यांच्या टक्केवारीचे) मी गेल्या जूनपासून पुण्यातल्या आमच्या सदनिकेतील सहा ऑर्किडना, म्हणजे चार फॅलेनॉप्सिस आणि दोन डेंड्रोबियमना, देत आहे. खास ऑर्किडसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या लहान बाटल्यांच्या किमती पाहून मी कृषी सेवा केंद्रातून एक किलोचे पाकीट आणले. त्या निर्णयाचा मला पश्चात्ताप नाही. मात्र पहिल्या दोन महिन्यांत मी या खताला जो दोष दिला, तो पाण्याचा होता.

झाले असे की, वाया जाऊ नये म्हणून पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी मी झाडांना घालत होते. ऑगस्टच्या सुरुवातीला कुंडीतल्या कोळशावर पांढरा थर दिसू लागला आणि मुळांची हिरवी टोके काळी पडली. खत जास्त झाले असे समजून मी ते थांबवले, तरी फरक पडेना. शेवटी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर विकत घेतला, तेव्हा आमच्या बोअरवेलच्या पाण्याचा आकडा ६२० आणि यंत्राच्या टाकाऊ पाण्याचा हजाराच्या वर निघाला. जे क्षार आपल्याला पिण्याच्या पाण्यात नको असतात, तेच गाळून, दाट करून मी झाडांना पाजत होते! त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत गच्चीवर बादल्या ठेवून साठवलेले पाणी वापरले, आणि आता आरओचे तीन भाग शुद्ध पाणी व एक भाग नळाचे पाणी मिसळते. त्याचा आकडा १८५च्या आसपास येतो. नुसते शुद्ध पाणी मी मुद्दाम वापरत नाही, कारण या खतात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसते आणि बोअरवेलच्या जड पाण्यातून ते थोडेफार मिळते.

प्रमाणाविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. माझ्या पाकिटावर फवारणीसाठी लिटरला पाच ग्रॅम असे लिहिले आहे. ते शेतासाठी ठीक, पण झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या आणि एरवी पावसाच्या ओघळातून मिळेल तेवढ्यावर भागवणाऱ्या वनस्पतीसाठी फार आहे. मी त्याच्या दहावा भाग, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम, घेते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अर्धा ग्रॅम नीट मोजता येत नाही, म्हणून १० ग्रॅम खत २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातले १० मिलिलिटर एक लिटर पाण्यात घालते. तीन आठवडे हे पाणी आणि चौथ्या आठवड्यात नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढणे, असा क्रम ठेवला आहे. खत कधीही कोरड्या मुळांना देत नाही. आधी साधे पाणी, मग खताचे.

पाणी किती दिवसांनी घालायचे, याचे वेळापत्रक मी सोडून दिले आहे. पारदर्शक कुंडीत फॅलेनॉप्सिसची मुळे ओली असताना हिरवी आणि वाळल्यावर चांदीसारखी करडी दिसतात. ती करडी झाली आणि कुंडी हाताला हलकी लागली की पाणी, एवढेच पाहते. एप्रिलमध्ये ही वेळ चौथ्या दिवशी येते, जुलैत दहाव्या दिवशीही येत नव्हती. रोपवाटिकेतून आलेली रोपे घट्ट दाबलेल्या शेवाळात होती, जे वरून कोरडे लागे आणि आतून ओलेच असे. ते काढून सालीचे तुकडे आणि कोळसा भरल्यावरच ही खूण भरवशाची ठरली. एक फॅलेनॉप्सिस मात्र जुलैतच गेले. रात्री पाणी घातले, ते शेंड्यातल्या पानांच्या बेचक्यात साचून राहिले, आणि आठवड्याभरात मधले पान हलक्या हाताने ओढताच निघून आले. तेव्हापासून पाणी सकाळीच घालते आणि बेचक्यात थेंब दिसला तर कागदी रुमालाच्या टोकाने टिपून घेते.

फुलांसाठी ०:५२:३४ घ्या, असे दुकानदाराने आग्रहाने सांगितले होते. ऑक्टोबरपासून दोन फॅलेनॉप्सिसना ते दिले आणि तिसऱ्याला १९:१९:१९ चालू ठेवले. नोव्हेंबरात रात्री गार होऊ लागल्यावर तिन्हींना एकाच पंधरवड्यात फुलदांडे आले. माझ्या मते श्रेय थंडीचे आहे. फुले फेब्रुवारीच्या अखेरीस उमलली. खताचा परिणाम मला पानांत दिसला : नवी पाने जुन्यांपेक्षा रुंद आणि जाड आली. डेंड्रोबियमना ऊन अधिक मिळते. त्यांचे नवे कोंब जोमाने वाढले, फुले अजून नाहीत.

तक्रारी दोन आहेत. या खतातला निम्म्याहून अधिक नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो. सालीच्या तुकड्यांत तो मुळांना सावकाश उपलब्ध होतो, आणि युरिया पाण्यात वीजभारित होत नसल्याने टीडीएस मीटरला तो दिसतही नाही. म्हणजे खताच्या पाण्याचा आकडा पाहून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. दुसरी तक्रार साठवणीची : उघडलेले पाकीट ऑगस्टच्या दमट हवेत दगडासारखे झाले, आणि आता ते फोडून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवले आहे. आठवड्याला दीड लिटर पाणी या हिशोबाने दहा महिन्यांत जेमतेम ३० ग्रॅम संपले, म्हणजे किलोभर खत मला पंचवीस वर्षे पुरेल. पाच-सहा कुंड्या असणाऱ्यांनी ग्रॅमला दर महाग पडला तरी १०० ग्रॅमचीच पुडी मागावी.