रत्नागिरीची हवा सांगलीत तपासून घेतली, लॅबचा अनुभव

कुपवाड एमआयडीसीत आमचं सोलर स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेल बसवायचे लोखंडी सांगाडे, बनवायचं काम आहे. रत्नागिरीकडं किनाऱ्यालगत लावलेल्या मालावर पांढरा गंज धरायला लागला आणि पार्टी म्हणायला लागली तुमचं गॅल्वनायझिंगच, म्हणजे लोखंडावरचा जस्ताचा थरच, कच्चं, मग म्हटलं आधी तिथल्या हवेत काय आहे ते तरी बघू, म्हणून सांगलीतल्या एका खाजगी लॅबकडनं हवेतल्या कणांचं केमिकल अ‍ॅनालिसिस करून घेतलं. नाव टाकत नाही, कारण पुढं तक्रार पण आहे.

पहिलं म्हणजे लॅबवाल्या मॅडमना विषय कळतो. सगळीकडं पीएम २.५ चंच, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचंच, चालू असतंय, पण लाटा फुटून उडणारं मीठ बरंचसं २.५ मायक्रॉनच्या वरचं असतं, म्हणून त्यांनी पीएम १० चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण फिल्टरवर धरणारा, सॅम्पलर दिला. ऑनलाइन मिळणारं हातातलं मीटर घ्यायला गेलो असतो तर पैसे पाण्यात, ते नुसतं लाइट मारून कण मोजतंय, आणि हवेत ७५ टक्क्याच्या वर दमटपणा गेला की मीठ पाणी पिऊन फुगतं, आकडा चढतो, पण मीठ का धूर ते सांगत नाही. फिल्टरपण क्वार्ट्झचा दिला, साध्या काचेच्या फिल्टरमधनं मुळातच सोडियम निघतं म्हणे, आणि मिठात सोडियम आणि क्लोराइडच तर असतं.

सॅम्पलर हवा ओढतो मिनिटाला १६.७ लिटर, २४ तास, म्हणजे एका फिल्टरवर २४ घनमीटर. फिल्टर डबीत, वर फॉइल, आइसबॉक्समधनं आंबा घाटानं सांगलीला. तिथं शुद्ध पाण्यात हलवून ते पाणी आयन क्रोमॅटोग्राफला, म्हणजे विरघळलेले क्षार वेगवेगळे करून मोजणाऱ्या मशिनला, लावतात. मला समोर बसवून दाखवलं, स्क्रीनवर आधी क्लोराइडचा सुळका वर गेला, मग नायट्रेट, शेवटी सल्फेट. लई भारी वाटलं बघा.

रिझल्ट पण इंटरेस्टिंग. समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या १.८ पट क्लोराइड असतं, आमच्या फिल्टरवर त्याहून बरंच कमी आणि नायट्रेट जास्त. गाड्या-जहाजांच्या धुरातनं झालेलं नायट्रिक अ‍ॅसिड मिठावर बसतं आणि क्लोराइड गॅस होऊन उडून जातं, असं मॅडम म्हणाल्या. सल्फेटचा हिशोब पण सोडियमवरनंच, त्याच्या पाव पट सल्फेट समुद्राचं धरायचं, त्याच्या वरचं बाहेरनं आलेलं.

आता तक्रार. रिपोर्टमध्ये आकडे फिल्टरमागं मायक्रोग्रॅममध्ये, घनमीटरला किती ते आपणच २४ नं भागायचं. कोऱ्या फिल्टरची टेस्ट, म्हणजे ब्लँक, मागितल्याशिवाय करत नाहीत आणि त्याचे पैसे वेगळे. अहो, ती वजा केल्याशिवाय आकड्याला अर्थ काय? रिपोर्टला पण सारखं फोन करावं लागतंय. आणि लोखंडावर प्रत्यक्ष किती मीठ बसतं ते याच्यातनं कळत नाही, त्याला वेट कँडलची टेस्ट लागते, म्हणजे ओल्या कापडाच्या वातीवर हवेतलं मीठ धरून मोजायची, ती यांच्याकडं नाही.

एकानं सुचवलं, महाबळेश्वरला आयआयटीएमची, म्हणजे पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेची, ढगांची लॅब आहे २०१२ पासनं, तिथं विचार. ते रिसर्चचं काम, आपलं बिल थोडंच घेणार. शिवाय कणांची केमिस्ट्री जागेवर सांगणारी मशिनं साधारण ६०० डिग्रीला कण उडवून बघतात, त्यात मीठ नीट उडतच नाही, त्यामुळं आपल्याला फिल्टरच बरा.

५ पैकी ३.५. जाणार असाल तर पीएम १०, क्वार्ट्झ आणि ब्लँक हे तिन्ही कोटेशनमध्येच लिहून घ्या.