बेळगावच्या टिळकवाडीतली मेस: अंबोलीला पाच स्टार, सांबारला दोन

तिसरा महिना चालू हाय म्हणून लिहितोय. अंबोली एकदम भारी, जाळीदार, कडेला जरा आंबट. सांबार मात्र नुसतं पाणी बगा, आणि रविवारी साडेआठनंतर गेलात तर उरलंसुरलं.

आमच्या टेबलावर एक सोमाली पोरगा बसतो, इथं शिकायला आलाय, वाढला केनियात, नैरोबीच्या ईस्टली भागात, आईवडील सोमालियातल्या 1991 च्या युद्धात मोगादिशू सोडून तिकडं आलेले. पहिल्या दिवशी अंबोली बघून थांबलाच, म्हणाला ही तर आमची आन्जेरो, आम्ही तूपसाखर लावून खातो. मग भाताबरोबर केळं मागितलं, एक घास भात एक घास केळं, मावशी बघतच राहिल्या, आता न विचारता त्याच्या ताटात केळं असतंय. घरी सोमाली, शाळेत स्वाहिली न इंग्लिश, घरचे म्हणतात तू केनियन झालास, बाहेरचे म्हणतात सोमालीच. मी म्हटलं आमचं काय वेगळं हाय, पुण्यात गेलो की कानडी, बेंगळुरात मराठी. हसला आणि माझी अंबोली उचलली की!

चपात्या जाड असतात, आधीच सांगा. सोमवारी रात्री बंद.