कडकनाथ म्हणून घेतलेली ६० पिल्लं

टेम्पोतून कोंबडीची पिल्लं विकणारी माणसं सोलापुरात आणि आसपासच्या गावांत नेहमी दिसतात. सगळी फसवी नसतात. पण कडकनाथ या काळ्या कोंबडीच्या जातीच्या नावाखाली आमची फसवणूक ज्या रीतीनं झाली, त्याच रीतीनं उद्या दुसऱ्या कुणाची होऊ शकते, म्हणून सगळं तपशिलानं लिहितोय.

माझ्या बायकोनं तीस वर्षं विड्या वळल्या. तंबाखूच्या धुळीनं खोकला जडला आणि डॉक्टरांनी ते काम सोडायला सांगितलं. हात रिकामे राहिले की तिला करमत नाही. घरामागं पत्र्याची मोकळी शेड होती, तिथं कोंबड्या पाळायच्या असं तिनं ठरवलं. भिशीचे पैसे नुकतेच हातात आले होते. तेच पैसे यात गेले, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

संक्रांतीनंतर होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, बघून आम्ही परत निघालो होतो. वाटेत रस्त्याच्या कडेला टेम्पो उभा होता, मागं जाळीच्या क्रेटमध्ये काळीभोर पिल्लं. विकणारा तिशीतला, बोलायला गोड. "मावशी, झाबुआचा कडकनाथ हाय. समद्या तलंगा, एक बी नर निघायचा नाही. वर्साला दोनशे अंडी, अन् चाळीस रुपयाला एक अंडं मीच दारात येऊन नेणार." मोबाइलमध्ये काळ्या अंड्यांनी भरलेल्या ट्रेचा फोटो दाखवला. पिल्लांचे पाय पिवळे कसे, असं मी विचारलं. तो म्हणाला, "चार दिवसाचं पिल्लू हाय मामा, म्हैन्याभरात पाय काळे पडतेत." मी गप्प बसलो.

८५ रुपयांप्रमाणे ६० पिल्लांचे ५,१०० झाले. वर महापालिकेच्या परवान्याचे म्हणून ७०० आणि ताकदीच्या औषधाचे ३५०. परवाना नसेल तर महापालिकेची गाडी कोंबड्या उचलून नेते, असं त्यानं बायकोला सांगितलं आणि ती घाबरली. पैसे फोनवरून पाठवताना समोर दुसऱ्याच माणसाचं नाव आलं. "मेहुण्याचं खातं हाय," एवढं त्याचं उत्तर. शिक्का मारलेली पावती, लसीकरणाचं कार्ड आणि परवाना म्हणून एक छापील कागद त्यानं दिला. खरेदी-विक्रीचे शिक्के कुणीही करून घेऊ शकतो हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही.

घरी आल्यावर शेडमध्ये भाताचं तूस पसरलं, वर वर्तमानपत्र अंथरलं, बल्ब खाली टांगला. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. जानेवारीतल्या रात्री थंड होत्या. प्रवासानं थकलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढायची आणि सकाळी खालची मेलेली सापडायची. आठ दिवसांत १४ गेली. बायको रात्री दोनदा-तीनदा उठून हातानं त्यांना वेगवेगळी करायची.

नव्या पिल्लांना गुळाचं पाणी देतात, तसं आम्हीही दिलं. भांड्यातलं पाणी काळपट दिसायचं. मला वाटलं गूळच काळा आहे. नवव्या दिवशी एक पिल्लू पाण्याच्या भांड्यात पडलं. त्याला उचलून जुन्या टॉवेलनं पुसलं, तर टॉवेलवर डाग उमटला, मधे काळा आणि कडेला जांभळट. मी एका डाईंगमध्ये २२ वर्षं सूत रंगवलंय. कच्चा काळा कापडावर फुटला की कसा दिसतो, हे मला कुणी सांगायला नको. ओल्या बोटानं पिल्लाची पाठ चोळली, तर खालून पिवळी लव निघाली. पंख उलगडून पाहिला. पिसांची टोकं काळी आणि मुळं पांढरी, केसांचा कलप उतरायला लागल्यावर दिसतात तशी. मी बायकोला हाक मारली. ती काही बोलली नाही, पिल्लाला पदरात घेऊन बल्बखाली बसली.

त्याच दिवशी फोन लावला. "पैली पिसं झडतेत, पंधरा दिवस थांबा मामा," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

तीन पिल्लं खोक्यात घालून, ते कार्ड घेऊन मी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पिल्लांआधी कार्ड वाचलं. त्यावर मरेक्स, लासोटा, गंबोरो आणि देवी अशा चारही लशी "दिल्या" असं लिहून शिक्के मारले होते. मरेक्सची लस हॅचरीत, म्हणजे अंडी उबवतात तिथं, पहिल्याच दिवशी देतात. मानमोडीसाठीचा लासोटा साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात, गंबोरो चौदाव्या दिवसाच्या आसपास, आणि देवीची लस सहा आठवड्यांच्या पुढं. चार दिवसांच्या पिल्लाच्या कार्डावर देवीची लस असणं शक्यच नाही. शिवाय लस बर्फात ठेवावी लागते आणि बाटली फोडली की तासा-दोन तासांत वापरून संपवावी लागते. त्या टेम्पोत मी बर्फाचा खडासुद्धा पाहिला नव्हता.

मग त्यांनी सांगितलं की ही कडकनाथ तर नाहीतच, आणि बहुतेक एकही मादी नाही. अंड्यांसाठी पाळतात त्या लेअर जातीच्या हॅचरीत पिल्लं पहिल्याच दिवशी वेगळी करतात. काही जातींत रंगावरूनच कळतं, मादी तपकिरी आणि नर फिका. माद्या फार्मवर जातात. नर अंडी देत नाही आणि मांसही सावकाश धरतो, म्हणून तो अगदी थोड्या भावात बाहेर पडतो. तीच पिल्लं कुणी गावरान म्हणून विकतं, कुणी काळी रंगवून कडकनाथ म्हणून.

कडकनाथ ओळखायचा कसा, हेही तिथंच कळलं. तो मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर भागातला पक्षी. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा काळेपणा पिसांपुरता नसतो, तो कातडीत, मांसात आणि हाडांतसुद्धा असतो. म्हणून चोच उघडून जीभ बघायची, पाय बघायचे, पोटाखालची पिसं बाजूला करून कातडी बघायची. जीभ गुलाबी आणि पाय पिवळे असतील तर पिल्लू खाली ठेवायचं. अंडं मात्र काळं नसतं, फिकट बदामी असतं. वर्षाला साधारण ८० ते १०० अंडी मिळतात आणि कोंबडी सहा महिन्यांच्या आसपास अंड्यावर येते. दोनशेचा आकडा ऐकला तेव्हाच मी उठायला हवं होतं. लहान वयात कडकनाथचा नर-मादी फरक आपल्यासारख्याला डोळ्यांनी कळत नाही. "समद्या तलंगा" अशी खात्री जो देतो, तो खोटं बोलतो.

परवान्याचा कागद घेऊन मी महापालिकेतही गेलो. असला कागद तिथून निघत नाही. शहर हद्दीत कोंबड्या पाळायच्या असतील तर आपण स्वतः कार्यालयात जाऊन काय लागतं ते विचारायचं, टेम्पोवाल्याच्या हातात पैसे द्यायचे नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते ती ५,००० पेक्षा जास्त पक्ष्यांच्या फार्मला, परसातल्या साठ कोंबड्यांना नाही. पण घाण, वास आणि आवाज यांची तक्रार शेजारी कधीही करू शकतात, आणि आमच्याबाबतीत ती झालीच.

४६ पिल्लांना लासोटा दिला. पुढं रक्ती हगवणीत आठ गेली. राहिलेली ३८ वाढली, पांढरी झाली, तुरे लाल झाले. सगळे नर. तिसऱ्या महिन्यापासून पहाटे चारला आरवायला लागले आणि शेजारच्या काकूंच्या घरात आजारी माणूस होतं. त्यांना दोष देता येत नाही. शेवटी सगळे व्यापाऱ्याला दिले, २,६६० रुपये आले. तोवर खाद्यालाच ५,८०० गेले होते.

पोलिसांकडे लेखी अर्ज दिलाय. फोनवरून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचं असतं; मला ते महिन्याभरानं समजलं, तुम्ही उशीर करू नका. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

बायकोला अजून कोंबड्या पाळायच्या आहेत. या वेळी पशुसंवर्धन विभागाच्या उबवणी केंद्राकडे पिल्लांची चौकशी केलीय. वनराजा किंवा गिरिराजा घ्यायचा विचार आहे. वनराजा हैदराबादच्या संशोधन केंद्रात तयार झाली, गिरिराजा बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात, दोन्ही परसासाठीच. नर-मादी निम्मे-निम्मे निघणार असं धरूनच हिशोब मांडलाय.

ती पावती, ते कार्ड आणि तो डागाळलेला टॉवेल मी ठेवून दिलाय. तुमच्याकडे असं लसीकरणाचं कार्ड असेल तर आज काढून बघा. देवीच्या लशीपुढं कोणती तारीख आहे आणि त्या दिवशी तुमचं पिल्लू किती दिवसांचं होतं, ते मोजा.