केळी निवडणारे यंत्र आणि लेगोचा ईव्हीथ्री संच

लेगो कंपनीने 2013 मध्ये आणलेला माइंडस्टॉर्म्स ईव्हीथ्री हा रोबोट जोडण्याचा 601 तुकड्यांचा संच (क्रमांक 31313) गेल्या दिवाळीपासून आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या, केळीच्या पट्ट्यातल्या यावलच्या घरात आहे. कंपनीने ही मालिका 2022 च्या अखेरीस बंद केल्यामुळे तो आम्हाला जुनाच विकत घ्यावा लागला. संचात दोन मोठ्या मोटरी, एक मध्यम मोटर, स्पर्श, रंग आणि इन्फ्रारेड ओळखणारे तीन सेन्सर आणि या सर्वांना चालवणारा छोटा संगणक आहे.

पुस्तिकेतला रोबोट पुतण्याने एका रविवारी जोडला; संचाची खरी परीक्षा मात्र आम्ही केळीवर घेतली. याचा रंग-सेन्सर काळा, निळा, हिरवा, पिवळा, लाल, पांढरा आणि तपकिरी असे सात रंग ओळखतो, आणि त्यांपैकी हिरवा, पिवळा, तपकिरी व काळा हे चार तर आमच्या भागातल्या लहान मुलालाही केळीवरून ठाऊक असतात. दोन रबरी पट्टे शेजारी-शेजारी बसवून त्यांवरून एकेक केळ सेन्सरखालून न्यायचे आणि पिकलेले केळ मध्यम मोटरच्या दांड्याने बाजूला सारायचे, असे आम्ही ठरवले. केळ्याच्या वजनाने पट्टा अडखळू लागला, तेव्हा 12 दात्यांच्या गिअरने 36 दात्यांचा गिअर फिरवून पाहिला. वेग एक तृतीयांशावर आला, पण ओढ जवळपास तिप्पट झाली. हे गुणोत्तर आठवीतल्या पुतण्याने दाते मोजून स्वतः शोधले, याचा मला फार आनंद झाला.

रंगाने मात्र आम्हाला चार दिवस दमवले. वस्तू अगदी जवळ, साधारण एक सेंटीमीटरवर असेल तरच सेन्सर रंग नीट सांगतो, आणि केळ तर वाकडे. त्यातच खिडकीतून दुपारचे ऊन आले की पिवळे केळ त्याला पांढरे वाटे. अखेर सेन्सरभोवती काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा केला, प्रत्येक केळ्याचा रंग पाच ठिकाणी तपासला आणि जो रंग अधिक वेळा आला तो खरा मानला. कंपनीच्या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये ही मोजणी फार पसरट होऊ लागल्याने आम्ही मायक्रोएसडी कार्डावरून चालणारी मायक्रोपायथॉन ही लिहून प्रोग्रॅम करण्याची भाषा वापरली. कार्ड काढले की मूळ प्रणाली जशीच्या तशी सुरू होते, ही सोय मला विशेष मोलाची वाटते.

अमेरिकेतील शुभम बॅनर्जी या बारा वर्षांच्या मुलाने 2014 मध्ये ईव्हीथ्री वापरूनच ब्रेल छापणारे यंत्र बनवले होते. ठिपका नेमक्या जागी उमटायचा तर मोटर किती फिरली हे कळावे लागते, आणि एकेका अंशाची नोंद घेणारा सेन्सर या मोटरींच्या आतच आहे. आमचा दांडाही त्याच आधारावर दरवेळी अचूक मागे येतो.

सहा पेन्सिल सेल लवकर संपतात, म्हणून चार्ज होणारे सेल घ्यावेत. आम्हाला संच पूर्ण असल्याचे सांगितले गेले होते, परंतु जोडणीच्या पिना बऱ्याच कमी निघाल्या. तेव्हा जुना संच घेताना त्या मोजून घ्याव्यात आणि संचातल्या छोट्या संगणकावरील पोर्ट व्ह्यू (जोडलेल्या मोटरी व सेन्सरांचे आकडे दाखवणारी सोय) उघडून, प्रत्येक मोटर हाताने फिरवली असता पडद्यावरचे अंश बदलतात की नाही, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे.