ड्रिफ्टसाठी जुनी ई४६ घेताय? ‘एलएसडी आहे’ या शब्दावर पैसे देऊ नका

जाहिरातीत लिहिले होते: बीएमडब्ल्यू ३३०आय, ई४६, मॅन्युअल, कारखान्यातूनच एलएसडी, मागचा फ्लोअर दुरुस्त, ड्रिफ्ट-रेडी. (ड्रिफ्ट म्हणजे मागची चाके मुद्दाम घसरवत गाडी आडवी चालवणे; ई४६ म्हणजे बीएमडब्ल्यू ३ सीरिजची एक जुनी पिढी; डिफ, म्हणजे डिफरेन्शिअल, मागच्या दोन चाकांना इंजिनची ताकद वाटून देतो; आणि एलएसडी, म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरेन्शिअल, त्या दोन चाकांना फार वेगवेगळे फिरू देत नाही.) स्टुटगार्टजवळ नोकरी करणाऱ्या एका मराठी इंजिनिअरने ६,५०० युरो मोजून ती गाडी घेतली. तिसऱ्या ट्रॅक-डेला डाव्या बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे डिफपासून चाकापर्यंतचा दांडा, तुटला. गाडी लिफ्टवर चढवून डिफचे कव्हर काढले, तर एलएसडी नव्हताच. साध्या डिफची आतली दातेरी चाके वेल्डिंग करून एकमेकांना चिकटवून टाकली होती. ‘दुरुस्त’ फ्लोअरवर काळ्या अंडरसीलचा, म्हणजे गाडीच्या तळाला मारायच्या गंजरोधक लेपाचा, जाड थर होता, तो खरवडल्यावर तडा दिसला. घेणाऱ्याच्या संमतीने, नाव-गाव वगळून हे लिहीत आहोत. हीच बनवाबनवी युरोपात शिकायला, नोकरीला गेलेल्या आपल्या बऱ्याच मुलांच्या वाट्याला येऊ शकते.

पहिले खोटे तर गाडी न बघताच पकडता आले असते. ई४६च्या साध्या मॉडेलांना, म्हणजे ३२०आय, ३२५आय, ३२८आय, ३३०आय यांना, कारखान्यातून एलएसडी येतच नव्हता. तो त्याच पिढीच्या वेगवान एम३ला होता. आधीच्या पिढीच्या ई३६ला मात्र पर्याय म्हणून मिळायचा. त्यामुळे साध्या ई४६मध्ये एलएसडी असलाच तर तो नंतर कोणीतरी बसवलेला असतो. मग तो कुठल्या कंपनीचा, कधी बसवला, बिल कुठे आहे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नवीन प्लेटवाला, म्हणजे आतल्या घर्षणाच्या प्लेटांनी चाके बांधून ठेवणारा, एलएसडी हजार युरोंच्या पुढे जातो. एवढा खर्च केलेला माणूस बिल जपून ठेवतो.

विकणारे बऱ्याचदा डिफच्या कव्हरवरची पत्र्याची छोटी पट्टी दाखवतात. बीएमडब्ल्यूच्या एलएसडीवर त्या पट्टीवर रेशोच्या, म्हणजे डिफच्या गिअर गुणोत्तराच्या, आधी ‘एस’ हे अक्षर असते, उदाहरणार्थ ‘एस ३.१५’. पण ती पट्टी कव्हरच्या एका बोल्टखाली अडकवलेली असते. बोल्ट सैल केला, दुसऱ्या डिफची पट्टी आणून लावली, झाले काम. पट्टीला पुरावा मानू नका.

डिफवरून एवढा आटापिटा का, तेही सांगतो. गाडी वळणात आडवी गेली की वजन बाहेरच्या चाकावर जाते आणि आतले मागचे चाक हलके होते. साधा, म्हणजे ओपन, डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, त्यामुळे हलक्या चाकाला जेवढे पेलवते तेवढेच बाहेरच्या चाकालाही मिळते. आतले चाक नुसते गरगरते, धूर काढते, आणि स्लाइड मरते. शिकणाऱ्याला वाटते आपलेच चुकतेय. तो जास्त अ‍ॅक्सिलरेटर देतो, मग गाडी एकदम फिरते. एलएसडी दोन्ही चाकांना पुष्कळसे बांधून ठेवतो, पण गरज पडली की थोडे वेगळे फिरू देतो. वेल्ड केलेला डिफ दोन्ही चाके कायमची एक करून टाकतो.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वेल्ड केलेला डिफ म्हणजे कचरा नव्हे. कमी पैशांत शिकणारे अनेक जण जाणूनबुजून तोच वापरतात, आणि स्लाइड धरून ठेवायला तो सरळ, भरवशाचा असतो. फसवणूक आहे ती अर्ध्या दिवसाच्या वेल्डिंगला हजार युरोंची किंमत लावण्यात, आणि घेणाऱ्याला त्याचे धोके न सांगण्यात. रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर घासतात, ड्राइव्ह शाफ्ट आणि त्यांच्या सीव्ही जॉइंटवर, म्हणजे टोकांच्या वळत्या सांध्यांवर, सतत पीळ पडतो. वेल्डिंग घाईत, तेल नीट न पुसता केलेले असेल तर त्याचा तुकडा सुटून क्राउन व्हीलच्या, म्हणजे डिफमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, दातांत जाऊ शकतो. मागची दोन्ही चाके धावत्या गाडीत अचानक जाम होणे म्हणजे काय, हे शब्दांत सांगायची गरज नाही.

आता तपासणी. पहिली खूण कानाला कळते. रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने गोल घ्या. ओपन डिफ शांत फिरतो. प्लेटचा एलएसडी थोडा कुरकुरतो, कधी हलके हादरे देतो. वेल्ड केलेल्या डिफचे आतले मागचे टायर ठराविक लयीत चर्र-चर्र करत उडी मारते, आणि गाडीचे तोंड सरळ जायला बघते. विकणारा म्हणेल, ‘एलएसडी नवीन आहे, म्हणून कडक आहे.’ हो म्हणा आणि गाडी लिफ्टवर घ्या.

लिफ्ट नसेल तर सपाट जागा शोधा. पुढच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा, मागची दोन्ही चाके उचलून जॅक स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. हँडब्रेक सोडा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, आणि एक मागचे चाक हाताने फिरवा. दुसरे चाक उलट दिशेने फिरले तर डिफ बहुधा ओपन आहे. दोन्ही एकाच दिशेने फिरली तर प्लेटचा एलएसडी किंवा वेल्डिंग, दोन्हीपैकी काहीही असू शकते. बरेच जण इथेच समाधान मानतात आणि फसतात.

खरी चाचणी पुढची आहे. इंजिन बंदच ठेवून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा दांडा, अडकून राहील. एक चाक काढा, ते बसते त्या हबमध्ये दोन व्हील बोल्ट परत घट्ट बसवा आणि त्यांच्यामध्ये साधारण मीटरभर लांबीची लोखंडी पट्टी अडकवा. आता त्या पट्टीवर हळूहळू, सलग जोर द्या. ओपन डिफ सहज फिरेल आणि पलीकडचे चाक उलटे जाईल. प्लेटचा एलएसडी आधी घट्ट अडून राहील, मग एका ठरावीक जोराला सुटून जड, एकसारखा फिरू लागेल. पलीकडचे चाक तेव्हाही उलटेच जाईल. वेल्ड केलेला डिफ मात्र दातांच्या फटीइतका हलेल आणि तिथेच ठप्प होईल. कितीही जोर द्या, पुढे काही नाही. प्रीलोड, म्हणजे प्लेटांवर आधीच ठेवलेला दाब, फार चढवलेला एलएसडीही मनगटाच्या जोराला हलत नाही, म्हणून लांब पट्टीचा आग्रह. आणि झिजलेल्या प्लेटचा जुना एलएसडी जवळजवळ ओपनसारखाच फिरतो. तो ‘एलएसडी’ असला तरी पुन्हा प्लेट भरण्याचा खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे. गिअरवाला, म्हणजे टोर्सेन जातीचा, एलएसडीही हवेतल्या चाकांवर ओपनसारखा वागतो. तिथे बिल आणि डोळे हाच उपाय.

डोळ्यांनी बघायचे तर डिफचे तेल भरण्याच्या बुचाच्या भोकातून. ई४६च्या डिफच्या बुचांना १४ मिमीची षट्कोनी ॲलन लागते. नेहमी वरचे, भरण्याचे बूच आधी सैल करा. खालचे काढून तेल सांडले आणि वरचे गंजून अडकलेले निघाले, तर गाडी तिथेच उभी राहील. भोकातून पंधरा-वीस युरोंचा, मोबाइलला जोडायचा बोरोस्कोप, म्हणजे वायरच्या टोकाचा छोटा कॅमेरा, आत सोडा आणि चाक हळूहळू फिरवून घ्या. ओपन डिफच्या कॅरिअरला, म्हणजे दातेरी चाके धरणाऱ्या घराला, खिडक्या असतात, त्यातून आतली लहान दातेरी चाके दिसतात. त्या दातांमध्ये धातूचा खडबडीत, मण्यांसारखा थर दिसला की विषय संपला. बोटाला लागणारी करडी, मऊ पेस्ट ही नेहमीची झीज असते. टोकदार कण किंवा गोल मणी मात्र नसावेत. शंका उरलीच तर कव्हर काढायला लावा. ते काढण्याआधी डिफला जॅकचा आधार द्या आणि साधारण लिटरभर तेल धरायला भांडे ठेवा. विकणारा ‘तेवढा वेळ नाही’ म्हणाला तर गाडी सोडून द्या.

फ्लोअरची लबाडी डिफपेक्षा महाग पडते. ई४६चा मागचा सबफ्रेम, म्हणजे डिफ आणि मागचे सस्पेन्शन धरणारा सांगाडा, चार ठिकाणी पातळ पत्र्याच्या फ्लोअरला बोल्टने धरलेला असतो. क्लच-किक (क्लच झटकन दाबून सोडणे), हँडब्रेक, पुन्हा टॉर्क, असे धक्के बसत राहिले की त्या चार जागांच्या आसपासचे स्पॉट वेल्ड सुटतात आणि पत्र्याला तडे जातात. क्लच सोडताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडताना मागून ‘टक’ असा आवाज येणे ही पहिली खूण. ताज्या अंडरसीलचा वास, इतर भाग मळकट आणि नेमके त्या चार जागीच काळेकुळकुळीत, असे दिसले तर तिथलेच अंडरसील खरवडायची परवानगी मागा. लोहचुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे पुटी, म्हणजे पत्र्याऐवजी भरलेला लेप, असू शकते. डिकीतला गालिचा उचलून वरूनही बघा. खऱ्या दुरुस्तीत चारही जागी मजबुतीच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात आणि काम करणारा त्याचे टप्प्याटप्प्याचे फोटो ठेवतो. सुरुवातीच्या त्या इंजिनिअरला दाखवलेला फोटो एकच होता, आणि तोही अंडरसील मारल्यानंतरचा.

बाकीचे थोडक्यात. इग्निशन चालू केली की एबीएस आणि डीएससीचे (बीएमडब्ल्यूची घसरण आवरणारी यंत्रणा) दिवे काही सेकंद लागून विझले पाहिजेत. लागलेच नाहीत तर बिघाड लपवायला कोणीतरी दिवाच काढलेला असू शकतो. ओडोमीटरच्या आकड्यांजवळ छोटा ठिपका पेटलेला असेल तर क्लस्टर (मीटरचा पॅनेल) आणि लाइट मॉड्यूलमधील नोंदी जुळत नाहीत. मीटर बदलले असेल किंवा किलोमीटर मागे फिरवले असतील, कारण विचारा. ३३०आयसारख्या गाड्यांच्या एम५४ इंजिनात सतत रेव्ह लिमिटरवर, म्हणजे कमाल फेऱ्यांवर, राहिल्याने ऑइल पंपाच्या स्प्रॉकेटचा नट सैल होण्याचा दोष आहे. ‘नट वायरने बांधलाय’ हे ऐकून सोडू नका, सम्प (इंजिनखालचे तेलाचे भांडे) उघडलेला फोटो मागा. पुढच्या चाकांचा कोन वाढवायला स्टिअरिंग नकल, म्हणजे चाक वळवणारे पुढचे धातूचे भाग, कापून पुन्हा जोडलेले असतील तर त्या वेल्डवर तडा आहे का, हे हाताने, प्रकाशात बघा. ती जोड ड्रिफ्टमध्ये सुटली तर पुढचे चाक हाताबाहेर जाते.

पैसे देण्याआधी एक तास कागदाला द्या. जर्मनीत खासगी विक्रेता ‘गेकाउफ्ट वी गेझेएन’, म्हणजे जशी पाहिली तशी घेतली, असे लिहून दोषांची जबाबदारी टाळू शकतो. पण जर्मन दिवाणी संहितेच्या कलम ४४४ प्रमाणे त्याने दोष जाणूनबुजून लपवला असेल किंवा एखाद्या गुणाची हमी दिली असेल तर या वाक्याचा आडोसा त्याला मिळत नाही. म्हणून करारातच लिहून घ्या: ‘प्लेटचा एलएसडी बसवलेला आहे, डिफ वेल्ड केलेला नाही, सबफ्रेमच्या चारही जागी मजबुती केलेली आहे.’ खोटे बोलणारा बहुधा याच ओळीला अडतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि सगळे संदेश जपून ठेवा. धंदा करणारा डीलर जर ‘गाडी माझी नाही, ग्राहकाच्या वतीने विकतोय’ म्हणाला, किंवा तुम्हालाच व्यापारी म्हणून सही करायला लावली, तर थांबा. ग्राहकाला मिळणारे संरक्षण काढून घेण्याची ती पद्धत आहे.

गाडीच्या नोंदणी कागदावर नसलेले बदलही तपासा. हायड्रॉलिक हँडब्रेक, कापलेले नकल, वेल्ड केलेला डिफ यांना मंजुरी नसेल तर गाडीचा रस्त्यावर चालवायचा परवाना, म्हणजे बेट्रीब्सएरलाउबनिस, जाऊ शकतो. तसे झाले तर ट्रॅकपर्यंत गाडी ट्रेलरवर न्यावी लागते आणि तो खर्च कोणीही जाहिरातीत लिहीत नाही.

फसल्याचे कळले तर आधी दुरुस्ती करू नका. कव्हर उघडण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो काढा, स्वतंत्र तज्ज्ञाकडून लेखी अहवाल घ्या, मगच विक्रेत्याला मुदत देऊन नोंदणीकृत पत्र पाठवा. फसवून करार करवला असेल तर तो रद्द ठरवायला लबाडी कळल्यापासून एक वर्षाची मुदत असते. आमच्या ओळखीच्या त्या इंजिनिअरने घाईत, ट्रॅकची पुढची तारीख चुकू नये म्हणून, तुटका शाफ्ट आणि वेल्ड केलेला डिफ दोन्ही बदलून टाकले, आणि जुना डिफ गॅरेजवाल्याने भंगारात दिला.